ऊन पाण्याची भाकरी

केम म्हटलं की सोलापूरकडच्या माणसाला कुंकू आठवतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव दौंड–सोलापूर रेल्वेमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे. गावचं दैवत उत्तरेश्वर, गावाची ओळख कुंकवाची. इथलं कुंकू देवस्थानांच्या बाजारपेठांत जातं आणि तिथून घरोघरच्या करंड्यांत. त्यामुळे केमवर लिहायला बसलेला माणूस बहुधा लाल रंगापासून सुरुवात करतो. आपल्याला मात्र शिवारात आणि चुलीपाशी जायचं आहे. कुंकवाच्या गावातही ताटात रोज पडते ती पांढरी ज्वारीची भाकरीच.

खरं तर ज्वारीच्या पिठाची भाकरी होते, हेच नवल आहे. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं. पाणी लागलं की त्याचे धागे एकमेकांत गुंततात, कणीक ताणली जाते, पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिच्यातलं मुख्य प्रथिन काफिरिन. ते पाण्याशी फटकून वागतं, आणि दाण्यात सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात बंद होऊन बसलेलं असतं. ज्वारीचं पीठ गार पाण्यात भिजवून बघा. ओल्या वाळूसारखा गोळा होतो. थापायला घेतला की कडेने फाटत जातो.

यावर इकडच्या बायकांनी काढलेला तोडगा म्हणजे आधणाचं पाणी. परातीत पिठाचं आळं करायचं, मधे उकळतं पाणी ओतायचं, उलथन्याने कालवायचं. साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. सगळ्या पिठाची खळ होऊन चालत नाही, मग भाकरी गिजगोळा होईल. थोड्या पिठाची खळ व्हावी आणि तिने उरलेलं कोरडं पीठ धरून ठेवावं, एवढंच हवं असतं. पीठ हाताला सोसेल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. इथे आळस चालत नाही. मळून ठेवलेला गोळा वाळतो, म्हणून जाणती बाई एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ मळते आणि पहिली तव्यावर असताना दुसरीचं मळायला घेते.

पिठाच्या या चिकटपणाला 'विरी' म्हणतात. 'पिठाची विरी गेली' हे वाक्य सोलापूर, धाराशिव, बीडच्या स्वयंपाकघरांत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. दळून बरेच दिवस झाले की पीठ विरी सोडतं. मग कितीही गरम पाणी घाला, भाकरीला चिरा जातातच. शिवाय ज्वारीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा असतो आणि त्यात तेल असतं. दळल्यावर त्याला हवा लागते आणि पीठ कडवट होऊ लागतं. म्हणून जुन्या घरांत ज्वारी पोत्यात असायची, पीठ मात्र डब्याभरच.

आता थापणं. परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा, एका हाताने कड सावरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी थापायचं. हात सरावला की भाकरी थापेगणिक आपसूक गोल फिरत राहते. तव्यावर टाकताना परातीकडची, पीठ लागलेली बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवतात. त्याने कोरडं पीठ भिजून बसतं आणि वरचा थर एकदम वाळून तडकत नाही. हे पाणी आटत आलं की उलटायची वेळ झाली. लवकर उलटली तर तव्याला चिकटते. उशिरा उलटली तर वर भेगा पडून वाफ पळते. दुसरी बाजू भाजली की भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर लावायची. दोन्ही बाजूंनी कातडं बंद झालेलं असतं, आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि वरचा पापुद्रा टम्म उचलला जातो. एवढंसं भोक असलं तरी खेळ संपला.

भाकरी वेळेत फिरवली नाही तर करपते, हे आपल्याला कोड्यातून शिकवलं जातं: घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? एप्रिल २०२३ मध्ये शरद पवारांनी भाकरी फिरवण्याची भाषा केली तेव्हा तिचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला विचारावा लागला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. ती नंतर मागे घेतली, हा भाग वेगळा.

चिकटपणाचा प्रश्न फक्त आपल्याच वाट्याला आलेला नाही. बाल्टिक समुद्राकाठी लॅटव्हिया नावाचा छोटा देश आहे. थंडी कडक, जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी. गव्हापेक्षा तिथे राय हे धान्य भरवशाचं. त्या देशात 'माइझे' म्हणजे रोजचा पाव, आणि त्यातही मानाचा तो रायचा काळा 'रुप्माइझे'. रायमध्येही गव्हासारखं ताणलं जाणारं जाळं तयार होत नाही. तिथल्या बायकांनी गरम पाण्याच्या जोडीला आंबवण वापरलं. लाकडी काथवटीत पीठ भिजवून रात्रभर आंबू द्यायचं. काथवट घासूनपुसून लख्ख करायची नाही, कडेला चिकटलेलं पीठच पुढच्या पावाला आंबट करतं. या आंबटपणामुळे पिठातला स्टार्च भाजताना पातळ होत नाही आणि पाव धरून राहतो. वर शहाजिऱ्याच्या जातीचं कॅरवे बी घालतात. पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायची तिथे जुनी रीत आहे. सोलापूरपासून हजारो किलोमीटर लांबच्या या लोकांचं ज्वारीशी काही नातं नाही, पण अडचण तीच: गव्हाची चैन नसलेल्या जमिनीत जे पिकतं त्याची रोजची भाकरी करून दाखवायची. दोन्हीकडच्या बायकांची उत्तरं वेगळी, दोन्ही तितकीच हुशारीची.

मग आपल्याकडे ज्वारीच का? हिचं मूळ आफ्रिकेत. पूर्व सुदानमध्ये मातीच्या खापरांवर सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या ज्वारीच्या दाण्यांचे ठसे सापडले आहेत. तिथून समुद्रमार्गे ती भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी मुरली की परकी वाटेनाशी झाली. करमाळा तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. जून-जुलै कोरडे जायचे, खरा भरवसा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. म्हणून इथली ज्वारी रब्बीची, जिला 'शाळू' म्हणतात. उत्तरा-हस्ताच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध, पाभरीने पेरायची. पुढे चार महिने पाऊस पडेलच असं नाही. पीक वाढतं ते काळ्या मातीने पावसाळ्यात पोटात साठवलेल्या ओलीवर.

ही ओल राखणं हीच खरी शेती. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, आणि भेगेतून ओल उडते. त्यासाठी कोळपणी. कृषी विद्यापीठाची शिफारस पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपायची आहे. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा मातीने बुजतात. शेतकरी हेच 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं सांगतो. सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं काम १९३३ साली सुरू झालं, पण ही म्हण त्या संशोधनाची वाट बघत थांबली असेल असं वाटत नाही.

ज्वारीचं झाडही पक्कं तयारीचं. पानांवर आणि धाटावर मेणाचा पांढरट थर असतो, पाणी कमी पडलं की पानं गुंडाळली जातात, मुळं खोल जातात. ताण फारच झाला तर झाड वाढ थांबवून गप्प बसतं आणि थोडी ओल मिळाली की पुन्हा उभारी धरतं. शत्रू मात्र आहेत. रोप लहान असताना खोडमाशी, आणि दाणा भरताना ओल संपली तर खडखड्या रोग. त्यात धाट आतून पोकळ आणि कोरडं होऊन पीक आडवं पडतं.

सोलापूरचं नाव ज्वारीशी कायमचं जोडलं गेलं ते मालदांडीमुळे. हे मुळात इथलंच गावरान वाण. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात त्यातून निवड करून एम ३५-१ हे वाण तयार झालं, आणि नव्वदएक वर्षं होत आली तरी ते शेतातून गेलेलं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा अशी पुढची वाणं दिली. परभणीहून परभणी मोती आलं. ती पिकतातही चांगली. तरी बाजारात गिऱ्हाईक 'मालदांडी आहे का' असंच विचारतं. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीतही ज्वारीच्या दोन ओळी असतात, हायब्रीड आणि मालदांडी. २०२४-२५ साठी त्या ओळींपुढे क्विंटलला ३३७१ आणि ३४२१ रुपये लिहिलेले होते. एका जिल्ह्यातल्या गावरान वाणाला दिल्लीच्या यादीत स्वतंत्र जागा मिळावी, हे भाग्य फार थोड्या वाणांचं. जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि कोठार म्हटलं की दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं रयतेला खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन रकमेचा भरणा केला, ही कथा महिपतींच्या भक्तविजयाने घराघरांत पोचवली. कथेतला चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. त्यामागचा व्यवहार मात्र खरा आहे: या भागात एका वर्षाच्या पिकावर तीन वर्षं काढायची वेळ येते, त्यामुळे धान्य टिकवण्याची विद्या पेरण्याच्या विद्येइतकीच मोलाची.

ती विद्या म्हणजे पेव. घट्ट, कोरड्या जमिनीत खोल खड्डा खणायचा, तळाला आणि कडांना कडब्याचा किंवा भुसाचा थर द्यायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचं. आत काय होतं? दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. त्याच्याबरोबर किडेही घेतात. थोड्याच दिवसांत आतला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध नाही, धुरी नाही. आज हवाबंद पिशव्यांतून धान्यसाठवणीचं जे तंत्र नवं म्हणून सांगितलं जातं त्याचं तत्त्व हेच. पेवाची भीतीही याच कारणाने. पेव फोडल्या फोडल्या आत उतरलेला माणूस परत येत नसे. तोंड उघडून हवा खेळू द्यायची, दिवा आत सोडून विझतो का बघायचं आणि मगच माणूस उतरवायचा. कडेच्या ज्वारीला वास लागायचा, तिची भाकरी काळपट व्हायची. ती गड्यांच्या वाट्याला जायची, हेही लिहून ठेवायला हवं. पेवाचं कौतुक करताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण आलं आणि 'हायब्रीड' हा शब्द खेड्यापाड्यात रुळला. खरिपात त्याने उत्पादन वाढवलं, लोकांची पोटं भरली. त्याचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण रब्बीच्या सोलापुरात ते फारसं शिरलं नाही. लोक चवीचं कारण सांगतात आणि ते खरंही आहे. माझ्या मते मोठं कारण कडबा. मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते, तिचा कडबा गोड आणि भरपूर, हायब्रीड बुटकं. ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत तो माणूस ज्वारीकडे दोन पिकं म्हणून बघतो, वर दाणा आणि खाली चारा. दुष्काळी वर्षात तर कडब्याची पेंढी दाण्यापेक्षा भाव खाते. कृषिशास्त्राने बराच काळ क्विंटलमध्ये फक्त दाणा मोजला, शेतकरी पेंढ्याही मोजत राहिला. शेतकऱ्याचा हिशेब बरोबर होता.

१९७२ च्या दुष्काळात या हिशेबाला अर्थच उरला नाही. करमाळ्यासारख्या तालुक्यांत माणसं खडी फोडायला, तलावांच्या कामावर गेली. सुकडी खाऊन दिवस काढले. परदेशातून आलेली तांबडी मिलो रेशनवर मिळे. तिची भाकरी लाल, खरखरीत, थापता थापता मोडणारी. त्या पिढीतल्या माणसांसमोर मिलोचं नाव काढलं तर आजही त्यांचं तोंड वाकडं होतं. मिलो ही ज्वारीच, फक्त भाकरीसाठी निवडत निवडत आणलेली नव्हे; तिकडे ती जनावरांना घालतात. आपल्याकडच्या पांढऱ्या शाळूमागे किती पिढ्यांच्या बायकांची चव आणि थापणारे हात आहेत, ते लोकांना त्या वर्षी कळलं.

सोलापूरची आणखी एक चीज म्हणजे कडक भाकरी. ज्वारीचीच, पण कागदाइतकी पातळ थापून, मंद आचेवर पाणी पार उडेपर्यंत भाजलेली. ओलावाच नाही तर बुरशी कशावर येणार? नीट ठेवली तर महिनोनमहिने टिकते. उत्तर कर्नाटकातही हीच रीत आहे. पूर्वी ती लांबच्या प्रवासाची शिदोरी होती. आता महिला बचत गट पिशव्या भरून विकतात आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसते. कुणी ती पापडासारखी चावत खातं, कुणी आमटीत कुस्करून. आमटीत कुस्करलेली जास्त चांगली लागते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाकरीच्या आरोग्यगुणांवर अलीकडे फार बोललं जातं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारीला एकदम प्रतिष्ठा आली. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ तितकाच चोथा असतो. ग्लुटेन न चालणाऱ्यांना ती चालते. इथपर्यंत ठीक. पण काफिरिन हे प्रथिन शिजल्यावर पचायला आणखी जड होतं, आणि त्यात लायसिन कमी. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली हैदराबादहून दाखवून दिलं की दख्खनमध्ये जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मेंदूचा विकार आढळतो. त्यामागच्या कारणांवर पुढे वाद झाले, पण धडा सरळ आहे: ज्वारी एकटी पुरेशी नाही. जुन्या ताटाला हे ठाऊक होतं. भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी आली की डाळीतलं लायसिन उणीव भरून काढतं, आणि आंबील केली की आंबण्याने पचन सुधारतं. नुसती भाकरी आणि चटणी खाणाऱ्या मजुराला मात्र हे ताट कधीच पुरतं मिळालं नाही. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली, तेव्हा जोडी तरी बरोबर निवडली होती. योजना पुढे टिकली नाही.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, करमाळा तालुक्याच्या कडेला यशवंतसागर जलाशय पसरला. पाणी पोचलं तिथे ऊस आला, कंदरच्या पट्ट्यात केळी आली आणि ती परदेशी जाऊ लागली. पाणी मिळालेल्या शेतकऱ्याने ज्वारी सोडली याबद्दल त्याला दोष देता येत नाही. ज्वारी मागे पडायचं दुसरं कारण मजुरीचं. मालदांडी अजून बऱ्याच ठिकाणी हाताने उपटून काढतात, कारण खालून कापली तर कडबा वाया जातो. फेब्रुवारीच्या उन्हात वाळलेली धाटं मुळासकट उपटताना तळहात सोलून निघतात. दिवसाची मजुरी वाढवून दिली तरी माणसं मिळत नाहीत, आणि उंच धाटाला जमेल असं सोयीचं यंत्र अजून गावोगाव पोचलेलं नाही. हा गुंता सुटल्याशिवाय भरडधान्यांचे महोत्सव भरवून ज्वारीचं क्षेत्र वाढणार नाही.

दरम्यान ताट उलटंपालटं झालं आहे. एकेकाळी ज्वारी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची. अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनचा गहू आधी दोन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. चांगली मालदांडी विकत घ्यायची तर गव्हापेक्षा जास्त पैसे पडतात. गरिबाच्या घरी पोळी शिरली आणि भाकरी ढाब्याच्या फलकावर गेली. सरकारने रेशनवर स्थानिक ज्वारी नियमित दिली तर शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेल आणि ज्याची ती रोजची होती त्याच्या ताटातही ती परत येईल.

ज्यांना भाकरी घरी करायची आहे त्यांनी तयार पिठाची पिशवी घेऊ नये. दाणा घ्यावा, गोलसर, टपोरा, चकचकीत, आणि आठवड्याला पुरेल इतकंच दळून आणावं. घरात कुणाला ग्लुटेन वर्ज्य असेल तर गिरणीवाल्याला आधी विचारावं: गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीत जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ हमखास येतं.